विश्रामभाईंचं धोतर आणि मामांची फटफटी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं. कारण पत्रिका नव्हतं, मानपान नव्हतं, मुलीचा रंगही नव्हता. कारण दोन सायलेन्सर होतं.

(एकच सायलेन्सर असता तर लग्न अर्धंच मोडलं असतं, असं मी त्या दिवशी वडिलांना समजावायला गेलो. त्यानंतर आठवडाभर माझं ताट गोठ्यात वाढलं जात होतं.)

ही गोष्ट साठच्या दशकातली. नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव, जिल्हा धुळे. आमचं गाव तापीकाठी, नंदुरबार स्टेशनापासून नऊ-दहा मैलांवर. घरी कापूस, केळी, दोन बैल, आणि मी. मी जवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. म्हणजे ज्या गोष्टी मला स्वतःला दुरुस्त करता येत नव्हत्या, त्या कशा चालतात हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवायचो.

माझे मामा तरुणपणी सुरतेकडच्या एका नातलगाबरोबर आफ्रिकेत गेले होते. मोंबासाला त्यांचं कापडाचं दुकान होतं. वीस वर्षांनी दुकान विकून ते परत आले तेव्हा बरोबर चार ट्रंका, एक भिंतीवरचं घड्याळ आणि लाकडी खोक्यात बांधलेली जपानी फटफटी घेऊन आले. पण मुंबईच्या बंदरावर जहाजातून उतरताना त्यांचा गुडघा मुरगळला, तो मुरगळलाच. मग त्यांनी फटफटी मला देऊन टाकली. "भाचाले देस," म्हणाले. मला त्या क्षणी फार आनंद झाला. आयुष्यात माणूस अशाच क्षणी सावध असायला हवा!

आमच्या भागात तोवर फटफटी म्हणजे ते विलायती धूड. शहाद्याच्या एका डॉक्टरांकडे होतं. तिला लाथ मारायला पैलवान लागायचा आणि ती सुरू झाली की तीन गावांची कुत्री उठायची. ही जपानी तिच्यापुढे अगदीच नाजूक. काळी, ठेंगणी, चौकोनी दिव्याची. वेगाचं घड्याळ त्या दिव्याच्याच डोक्यावर बसवलेलं. साखळी वरून-खालून पत्र्याने झाकलेली. डावी-उजवीकडे वळताना लुकलुकणारे छोटे दिवे. आवाज शिलाईच्या मशिनचा. आणि सगळ्यांत मोठं नवल म्हणजे लाथ मारायचीच नाही! बटण दाबलं की सुरू! बरोबर एक पुस्तिका होती. ती जपानीत असल्यामुळे मी ती चित्रं पाहून शिकलो. पुढे जे घडलं त्याचं चित्र पुस्तिकेत कुठेच नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्या दिवशी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून खाली वाकले आणि इंजिनाकडे बोट दाखवत म्हणाले,

"आठे दोन-दोन काय शेतस रे?"

"दोन सिलिंडर शेतस, आबा. दोन बैल समजा. एक वढस, तवय दुसरा दम खास."

"आनि एक बठी गया तर?"

"जपानी शेतस आबा, बठतस नई!"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते बाजारात विकणाऱ्याने बैलाचे दात लपवले की पाहायचे.

तर, बहीण. शांता माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तिच्यासाठी शहाद्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शेतकी पदवीधर, शांत, निर्व्यसनी. आबांनी तीन वर्षांत पाहिलेल्या स्थळांत हे पहिलंच होतं, ज्याच्याबद्दल आई रात्रभर रडली नव्हती. मुलाचे वडील विश्रामभाई, आमच्याच गुजर समाजातले मोठे बागाईतदार. भारदस्त देह, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. ते सुरतेला काही कामासाठी गेले होते आणि परतताना सकाळच्या गाडीने नंदुरबारला उतरून मुलगी पाहायला येणार होते. एकटेच. त्यांच्या घरात एकटे विश्रामभाई म्हणजे सगळं घर.

आबा म्हणाले, "दमनी धाडसू."

दमनी म्हणजे आमची छपराची बैलगाडी. तिच्यात गादी, लोड, वर नवी चादर, बैलांच्या शिंगांना रंग.

मी म्हणालो, "आबा, दमनीले तीन तास लागतीन. मी फटफटीवर अर्ध्या तासमां लई येस!"

"नको."

"आबा, शेतकी पदवीधरना बाप शे. त्याले सुधारेल घर दिसाले पाहिजे!"

या वाक्याने मी जिंकलो. आजही मी वादात जिंकलो की मला आधी भीती वाटते. आबा जाता जाता एवढंच म्हणाले, "तू जाय. मी मांगेमांगे दमनी लई इसू."

स्टेशनात विश्रामभाई उतरले. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, टोपी, हातात छत्री. मी पाया पडलो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"दमनी कोठे शे?"

"मांगे शे, काका. आपन इनावर जासूत."

त्यांनी फटफटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा फटफटीकडे, या वेळी जरा दयेने.

"मी कोठे बठू?"

मी मागच्या छोट्या गादीवर हात फिरवला. देवपूजेचा पाट असतो ना, साधारण तेवढी.

"हाई? हाई त मन्हा नातूलेबी लहान पडी!"

मी वेळ न घालवता बटण दाबलं. फटफटी गोड आवाजात सुरू झाली. विश्रामभाईंच्या भुवया वर गेल्या.

"लाथ मारी नई?"

"मारानी गरजच नई, काका."

"बंद कर. परत दाखाड."

मी बंद केली, परत दाखवली. मग त्यांनी स्वतः दाबून पाहिलं. मग हमालाला बोलावून दाखवलं. मग टांगेवाल्याला. असं सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी ते लहान मुलासारखे हसायचे. मी मनात म्हटलं, शांताचं लग्न ठरलं! (बॅटरीचा विचार त्या वेळी स्टेशनात कुणाच्याच मनात आला नाही. विज्ञानाच्या मास्तराच्याही नाही.)

"आनि धोतर?" बसता बसता त्यांनी विचारलं. "साखळीमां अडकी का?"

"काळजीच नको! साखळी पुरी झाकेल शे, काका."

हे खरं होतं. त्या दिवशी मी बोललेलं हे शेवटचं खरं वाक्य.

गावाबाहेर पडेपर्यंत सगळं झकास. काकांनी एका हाताने माझा खांदा धरला होता, दुसऱ्याने छत्री. फटफटी दोघांना घेऊन फुरफुरत चालली होती. उन्हाळ्याची सुरुवात, कापूस निघालेला, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं. मी मागे मान वळवून माहिती देत होतो: साधारण फटफटीला एक सिलिंडर असतो, हिला दोन, त्यामुळे धक्के कमी, दोन्हींचा धूर वेगळा काढायला दोन बाजूंना दोन नळकांडी...

"पोऱ्या," काका म्हणाले, "काही तरी जळी ऱ्हायनं."

"वावरमां पऱ्हाट्या जाळी ऱ्हायनात, काका." कापूस निघाला की उभी झाडं उपटून जाळतात, त्याचा वास त्या दिवसांत सगळीकडे असायचाच.

फटफटी अजून फर्लांगभर गेली.

"पोऱ्या, हाई वावर मन्हा पायजोडेच शे!"

मी खाली पाहिलं. धोतराचा डावा सोगा डाव्या सायलेन्सरवर पसरलेला. मधोमध तपकिरी भोक, कडेला लाल किनार. पुढे सरकणारी!

मी गाडी थांबवली. काकांनी छत्रीने बडवून ती विझवली. चेहरा गंभीर, पण अजून रागावलेले नव्हते. मी धीर दिला:

"काका, आते समदं धोतर उजवीकडे घ्या. उजवीकडे काही भ्याव नई."

दोन सिलिंडरांना दोन नळकांडी असतात हे मी त्यांना मैलभर आधीच समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं नाही, कारण ते पाहुणे होते. मी लक्षात ठेवलं नाही, याला मात्र कारण सापडत नाही.

दुसऱ्या वेळी वास आला तेव्हा काकांनी पऱ्हाट्यांबद्दल विचारलंच नाही. सरळ माझ्या पाठीत छत्री घातली.

समोर रस्त्याकडेला विहीर होती. बायका पाणी शेंदत होत्या. मी घाईघाईने तिकडे वळलो, आणि नियमाप्रमाणे वळण्याचा दिवा लावला. विहिरीवर पोचलो तर बायका घागरी सोडून त्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत राहिलेल्या.

एक म्हातारी पुढे आली. "काय रे मेल्या, हाई कोनले डोळा मारी ऱ्हायनी?"

"डोळा नई, आजी, दिवा शे! आधी पानी द्या, काका जळी ऱ्हायनात!"

म्हातारीने काकांच्या पायाकडे पाहिलं मात्र, भरलेली घागर उचलली आणि एका दमात ओतली. काकांवर अर्धी. अर्धी तापलेल्या इंजिनावर. चुर्रर्र करून एवढी वाफ उठली की दोन बायका पळाल्या. काका वाफेतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या धोतराला दोन्ही बाजूंनी ताटलीएवढ्या खिडक्या होत्या आणि मिशांतून पाणी गळत होतं.

"तू मास्तर शे ना?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"हा, काका."

"कोनता विषय?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

विहिरीच्या कठड्यावर बसून काकांनी कोट पिळला, धोतर फिरवून नेसलं, आणि म्हातारीने दिलेला गूळ खाऊन ते पाणी प्यायले. पाऊण तास गेला. एवढा वेळ तो दिवा बिचारा लुकलुकत राहिला होता. मी बटण दाबलं. आतून 'टक्' असा आवाज आला. परत दाबलं. 'टक्'. म्हातारी म्हणाली, "मरी गई."

मग लाथा. हो, त्या जपान्यांनी एक छोटा दांडाही दिला होता, बहुधा माझ्यासारख्यांची माहिती त्यांना आधीच असावी. मी तीसेक लाथा मारल्या. बायका मोजत होत्या, मोठ्याने. शेवटी ती सुरू झाली, पण आवाज वेगळा. शिलाईच्या मशिनचा नाही, दम्याच्या माणसाचा. फट्... फट्... मधे लांब शांतता... फट्. डावीकडच्या सिलिंडरच्या प्लगात पाणी गेलं होतं. आता सगळा भार उजव्यावर.

सपाटीवर कशीबशी मैलभर गेली. मग नाल्याचा उतार, आणि समोर चढ. चढाच्या पायथ्याशी तिने दम टाकला.

"काका, जराखा उतरता का?"

काका उतरले. मी रेटू लागलो. फटफटी लहान दिसते, पण चढावर तिचं वजन मामांच्या चारही ट्रंकांएवढं होतं. वाळूत माझे पाय मागे सरकायचे, फटफटी त्याहून मागे. घाम डोळ्यांत. तिसऱ्यांदा मी खाली घसरत आलो तेव्हा ती अचानक हलकी झाली. मागे पाहिलं, तर विश्रामभाई छत्री काखेत मारून मागून रेटत होते. चाळीस एकरांचे बागाईतदार. मुलाचा बाप. दोन खिडक्यांच्या धोतरातून भर उन्हात दोन्ही गुडघे दिसतायत.

"काका, तुम्ही ऱ्हावू द्या..."

"चूप. वढ."

आम्ही वर पोचलो आणि बाभळीखाली आडवे झालो. दोघंही. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतका दमलो नव्हतो. पुढे संसार ओढला, पस्तीस वर्षं नोकरी केली, घर बांधलं, तरी तसा दम लागला नाही.

थोड्या वेळाने घुंगरांचा आवाज आला. आबांची दमनी! नंदुरबारच्या वाटेवर निघालेली ती, आम्हाला अर्ध्यातच भेटली. आबांनी बैल थांबवले. आधी पाहुण्यांचं धोतर पाहिलं. मग फटफटी. मग मला विचारलं:

"कोनता बठना रे? डावा का उजवा?"

"डावा, आबा."

आबांनी खाली उतरून व्याह्यांना हात जोडले, त्यांना दमनीत लोडाला टेकवलं, कांद्याची भाजी आणि भाकरी पुढे ठेवली. मग दोर काढून फटफटी दमनीच्या मागे बांधली आणि मला तिच्यावर बसवलं. "हँडल सांभाळ. दुसरं काही करू नको." एवढी सोपी आज्ञा मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

आणि चार मैल मी काही केलं नाही, खरंच! पण गावाच्या वेशीजवळ उतार लागतो. उतारावर फटफटी पुढे धावून दमनीच्या मागल्या फळीला धडकू लागली. आत काका दचकायचे. तेव्हा मला विज्ञान आठवलं. गाडी गिअरमध्ये टाकली की इंजिन चाकाला मागे धरतं, वेग आपोआप कमी होतो. नववीच्या वर्गात मी हे रंगीत खडूने शिकवलं होतं. मी दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला.

एवढ्या वेळात उन्हाने प्लग वाळला होता. इंजिनाचा किल्लीचा खटका विहिरीपासून तसाच चालू होता. ओढ मिळाली आणि दोन्ही सिलिंडर एकदम जिवंत झाले!

मी घाबरून मूठ आवळली. ती मूठ आवळली की फिरते, आणि फिरली की गाडी पळते.

फटफटी दमनीला वळसा घालून थेट बैलांच्या कानाशी पोचली आणि तिथे दोन्ही नळकांड्यांनी एक फटाका उडवला. मोऱ्या आणि पवळ्या हे आमचे बैल अकरा वर्षांत कधी धावले नव्हते. त्या दिवशी धावले. दोर ताणला, तुटला. मी फटफटीसकट हवेतून जाऊन वेशीजवळच्या उकिरड्यात पडलो. कमरेपर्यंत. तिथून मला पुढचं सगळं नीट दिसलं. उकिरडा उंचावर होता.

दमनी गल्लीतून धूळ उडवत निघाली. आबा कासरा ओढतायत, कासरा कुणी ऐकत नाही. आतून विश्रामभाईंचे दोन पाय बाहेर आलेले. कोंबड्या छपरांवर. समोर आमचं अंगण, अंगणात पाहुण्यांसाठी घातलेला पाट, पाटाभोवती नटूनथटून उभ्या बायका, आणि पलीकडे दगडी हौद. दमनी हौदावर आदळणार हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या क्षणी मला फटफटीचं, माझं, कशाचंच काही वाटलं नाही. आत दोन म्हातारी माणसं होती.

बायका किंचाळून बाजूला झाल्या. एकटी शांता झाली नाही. नवं लुगडं, नाकात नथ, हातात पोह्यांची ताटली. तिने ताटली खाली ठेवली. (टाकली नाही. ठेवली!) पदर खोचला, पुढे धावली आणि मोऱ्याच्या वेसणीला लोंबकळली.

"हो मोऱ्या! हो, हो! मन्हा राजा, उभा ऱ्हाय!"

लहानपणापासून तीच त्याला पाणी दाखवायची. मोऱ्याने तिला चार पावलं फरफटत नेलं आणि मान खाली घातली. तो थांबला म्हणून पवळ्या थांबला. हौद हातभर राहिला होता.

मी उकिरड्यातून निघून धावत पोचलो तेव्हा विश्रामभाई दमनीतच बसले होते. टोपी गेलेली, लोड मिठीत. आबा त्यांच्या पुढ्यात हात जोडून उभे. मी आबांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"व्याही," आबा म्हणाले, "चुकी मन्ही शे. पोरनी काही चुकी नई."

काका शांताकडे पाहत होते. तिचा गुडघा फुटला होता, लुगडं धुळीने माखलं होतं, आणि ती बैलाच्या गळ्याला हात घालून त्याच्या कानात काहीतरी बोलत होती.

"पोरी, तुन्हं नाव काय?"

"शांता."

"लागनं का तुले?"

"माले नई. मोऱ्यानं नाक सोलाई गयं."

काकांनी लोड बाजूला ठेवला, हळूच खाली उतरले आणि आबांचे जोडलेले हात स्वतःच्या हातांनी सोडवले.

"मी आते काय इचारू? मन्हा घर दहा बैल शेतस. माले पोर पसंत शे."

आई आत पळाली, बहुधा रडायला. मी पुढे होऊन काकांच्या पाया पडायला वाकलो, तर ते पटकन दोन पावलं मागे सरले. (वास येत होता, हे मान्य. पण तेवढंच कारण नसावं.)

जेवणं झाली. आबांनी स्वतःचं नवं धोतर त्यांना नेसवलं. दुपार कलल्यावर ते दमनीत बसून निघाले, तेव्हा सगळं घर दारात उभं होतं. बैल जुंपून झाले आणि काकांनी आबांना जवळ बोलावून, मला ऐकू येईल एवढ्याच हळू आवाजात विचारलं:

"ह्या मास्तरनं लगन व्हयनं का?"

"व्हयनं. दोन वरीस व्हयनात."

"अरे अरे," काका म्हणाले. "कोनती रे ती?"

आबांनी दाराआड उभ्या माझ्या बायकोकडे, कमलकडे बोट दाखवलं. विश्रामभाई दमनीतून पुन्हा खाली उतरले. अंगण ओलांडून तिच्यासमोर आले आणि त्या मोठ्या माणसाने माझ्या वीस वर्षांच्या बायकोला वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

शांताला आता नातवंडं आहेत. फटफटी मी चालवली त्यापेक्षा ढकलली जास्त, शेवटी तीही कुणीतरी घेऊन गेलं. कमल मात्र आहे. मी घरात काहीही दुरुस्त करायला निघालो, साधा नळ जरी, तरी ती एक शब्द बोलत नाही. नुसती देवासमोर बसते आणि म्हणते, "त्या मानसानं एका दिवसमां वळखं. माले दोन वरीस लागनात."